सेक्टर आठ, पण कुठला?

संकेतस्थळ उभारण्याची विद्या शिकू लागलेल्या माणसाचे प्रश्न वरवर पाहता असंख्य असतात. परंतु त्यांची छाननी केली असता बहुतेक प्रश्न टेम्प्लेट आणि फॉर्म या दोनच कुळांत मोडतात, आणि या दोन कुळांचे स्वभाव परस्परांच्या पूर्ण विरुद्ध आहेत असे आढळते. टेम्प्लेट म्हणजे पानाचा आगाऊ करून ठेवलेला साचा, ज्यात ठरलेला मजकूर कायम असतो आणि बदलत्या मजकुरासाठी जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. फॉर्म म्हणजे वापरणाऱ्याकडून माहिती मागणारी, ती तपासणारी आणि पटली नाही तर परत करणारी यंत्रणा. आणि वेब फ्रेमवर्क म्हणजे ही व अशी नित्याची कामे आधीच करून ठेवलेला सांगाडा, ज्यामुळे प्रत्येक संकेतस्थळ पायापासून बांधत बसावे लागत नाही. साचा सर्व काही सहन करतो. फॉर्म काहीही सहन करत नाही. नवशिक्याची अपेक्षा नेमकी याच्या उलट असते आणि त्याच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ तेथेच सापडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या विषयाच्या अभ्यासाला नवी मुंबईइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही, कारण हे शहरच मुळात साच्यातून काढलेले आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर वाशीपासून द्रोणागिरीपर्यंत नोड नावाची उपनगरे आखली गेली. प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, प्रत्येक सेक्टरला क्रमांक, आणि हे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये पुन्हा एकपासून सुरू. याच पट्ट्यात पुढे ऐरोली आणि महापे येथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या, आणि त्यांत शिरू पाहणारी तरुण मंडळी वाशी-नेरूळच्या संगणकवर्गांत ज्या फ्रेमवर्कशी झटापट करू लागली, त्यांपैकी जँगो हे एक प्रमुख होय. पायथन भाषेतील हे फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये आकाराला आले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याचे नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवलेले आहे. आगीत डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाल्यावरही हा गृहस्थ अद्भुत वाजवत असे, आणि जँगोच्या टेम्प्लेटमध्ये गुणाकार करू पाहणाऱ्या नवशिक्याला थोड्या बोटांत काम भागवण्याचा हा आदर्श लवकरच आठवावा लागतो.

कारण गुणाकार तेथे होत नाही. वृत्तपत्राच्या कचेरीत पानाची मांडणी करणारे वेगळे आणि प्रोग्राम लिहिणारे वेगळे असल्यामुळे, मांडणीकाराच्या हाती दिलेल्या साच्यात हिशेब-विचाराला जाणूनबुजून फारशी जागा ठेवली गेली नाही; दुहेरी महिरपी कंसात नाव लिहिले की त्या नावाची किंमत छापायची, महिरपी कंस व टक्केचिन्ह यांच्या जोडीत 'जर' किंवा 'प्रत्येकासाठी' अशा मोजक्या आज्ञा पाळायच्या, आणि बाकीचा विचार व्ह्यूने, म्हणजे पान पाठवण्याआधी माहिती गोळा करणाऱ्या भागाने, करायचा, अशी ही वाटणी आहे. कोणते काम कोणत्या कंसात, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, आणि तो विचारण्याआधी त्याने दोन्ही प्रकारचे कंस एकमेकांत घालून पाहिलेले असतात.

दुसरा प्रश्न वारशाचा. एक मूळ साचा करावा, त्यात ब्लॉक नावाच्या बदलता येण्याजोग्या जागा नेमाव्यात, आणि इतर पानांनी त्या साच्याचा वारसा सांगून तेवढेच ब्लॉक आपापल्या परीने भरावेत, अशी ही पद्धत आहे. नेमके हेच कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये विटा-चुन्यात करून दाखवले होते: एका सामाईक अंगणाभोवती सात घरे, अशा तीन पुंजक्यांचे मिळून मोठे अंगण, घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेली नाही, आणि रहिवाशाने ऐपतीप्रमाणे घर वाढवत न्यावे ही पहिल्यापासूनचीच योजना. रहिवाशांनी ती मनावर घेतली. कित्येकांनी मूळचे घर पाडून त्या जागी मजले चढवले, आणि आज तेथे मूळ साचा शोधण्यासाठी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बरीच पायपीट करावी लागते. जँगोमध्ये असला अतिक्रमणाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण वारसा सांगणाऱ्या पानाने ब्लॉकच्या बाहेर जे काही लिहिले असेल ते फ्रेमवर्क एक अक्षरही न बोलता गाळून टाकते. नोटीस नाही, सुनावणी नाही. "सर, मी लिहिलंय, पण दिसत नाहीये," हे वर्गात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य बहुधा या प्रसंगीचे असते, आणि सिडकोच्या कोणत्याही अभियंत्याला ते ऐकून हेवा वाटावा.

साच्याचे हे मौन नवशिक्याला सर्वांत जास्त छळते. कंसात लिहिलेले नाव फ्रेमवर्कला सापडले नाही, तर ते तक्रार करत नाही. त्या जागी रिकामी जागा छापते आणि पुढे जाते, कारण एका चुकलेल्या शब्दापायी वाचकासमोरचे अख्खे पान कोसळू नये असे त्याचे धोरण आहे. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत या धोरणाला खास खाद्य मिळते. तो 'नाव' हा शब्द रोमन लिपीत व्ह्यूमध्ये एका 'ए'ने लिहितो, टेम्प्लेटमध्ये दोन 'ए'नी लिहितो, आणि पत्त्याच्या 'त्त'साठी कधी एक 'टी' वापरतो तर कधी दोन. परिणामी "प्रिय , आपला अर्ज मिळाला" असे निर्विकार पत्र पडद्यावर उमटते आणि चूक कोठेच नोंदवलेली नसते. न सापडलेल्या नावाच्या जागी रिकाम्याऐवजी एखादा ठळक मजकूर छापण्याची सोय जँगोच्या सेटिंगमध्ये आहे. पण ती विचारण्याइतके ज्ञान होईपर्यंत तिची गरज संपलेली असते.

फॉर्मचे मात्र सर्वच निराळे. फॉर्म हा सरकारी खिडकीमागच्या कारकुनासारखा असतो: समोरचा माणूस लबाड आहे असे गृहीत धरून तो कामाला सुरुवात करतो, प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे असे मुळात मानतो, आणि 'हा रकाना ऐच्छिक आहे' असे त्याला स्पष्ट लेखी कळवावे लागते. त्यातही कळवायचे दोनदा: रकाना रिकामा चालेल हे पडताळणीला एका शब्दात सांगायचे आणि माहितीसाठ्यात तेथे काहीच नसले तरी चालेल हे दुसऱ्या शब्दात, आणि या दोन शब्दांत फरक काय, हा प्रश्न प्रत्येक नवी तुकडी नव्याने विचारते. पहिल्याच दिवशी नवशिक्याला ४०३ क्रमांकाचे, म्हणजे मज्जाव कळवणारे, पान दिसते, कारण त्याने फॉर्ममध्ये टोकनची आज्ञा लिहिलेली नसते. स्वतःच्या संगणकावर, स्वतः लिहिलेल्या फॉर्ममधून, स्वतःलाच प्रवेश नाही, हा अपमान त्याच्या जिव्हारी लागतो. कारण मात्र रास्त आहे. एखाद्याने बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश केलेला असताना दुसऱ्याच कुठल्या लबाड पानाने त्याच्या ब्राउझरकडून परस्पर बँकेला हुकूम पाठवून घेऊ नये, म्हणून खरा फॉर्म आपल्या पोटात टोकन नावाची एक गुप्त खूण बाळगतो आणि ती खूण नसलेला अर्ज उघडूनही पाहिला जात नाही.

खरी पंचाईत होते ती संशयी फॉर्म आणि मुका साचा यांची गाठ पडते तेव्हा. फॉर्म चुका शोधतो आणि त्यांची यादीही करतो, परंतु ती यादी छापा असे साच्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून नवशिका बटण दाबतो, तेच पान परत येते, तो पुन्हा दाबतो, पुन्हा तेच पान येते, आणि अखेरीस बटणच बिघडले असावे अशा निष्कर्षाला तो पोहोचतो.

नवी मुंबईचा पत्ता हा फॉर्मच्या संशयाचा सर्वोत्तम नमुना होय. सेक्टर म्हणजे क्रमांक, असे समजून नवशिका त्या रकान्यात केवळ पूर्णांक स्वीकारतो, आणि वाशीच्या सेक्टर '९ए' मधला किंवा नेरूळच्या '४८ए' मधला रहिवासी बाहेरच राहतो. देवनागरीत '८' लिहिले तर आणखी मौज घडते: पायथनला देवनागरी अंक उत्तम कळतात, परंतु ब्राउझरचा आकड्यांसाठी राखलेला रकाना ते घेत नाही, म्हणजे मालक राजी असताना दरवान अडवतो. बरे, आकडा स्वीकारला गेला तरी 'सेक्टर ८' एवढ्याने काहीच ठरत नाही, कारण सेक्टर ८ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीत आहे, खारघरमध्ये आहे आणि कोरियांच्या घरांसह बेलापुरातही आहे. पत्त्याच्या फॉर्ममध्ये नोडचा रकाना नसणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते या शहरातील सर्वांत सामान्य संगणकीय गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा नेहमी पार्सल पोहोचवणाऱ्या मुलालाच भोगावी लागते.

नावाच्या रकान्यात तर इतिहास, समाजशास्त्र आणि लिपी असे तिन्ही विषय एकत्र येतात. जँगोच्या तयार वापरकर्त्याला नाव आणि आडनाव एवढे दोनच रकाने असतात. मराठी माणसाच्या वडिलांची अथवा पतीची तेथे सोय नाही, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरवल्यावर तर दोन रकान्यांत चार नावे बसवण्याची वेळ आली आहे. प्रवेशनाम, म्हणजे लॉगिनसाठीचे नाव, याची कथा अधिक विलक्षण आहे. त्यात जगातील कोणत्याही लिपीतील अक्षरे चालतील अशी फ्रेमवर्कची उदार भूमिका आहे. परंतु अक्षर कशाला म्हणावे हे ते पायथनला विचारते, आणि पायथनच्या नियमित शोधसूत्रांच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही अक्षरे नव्हेत. म्हणून अजयला प्रवेश मिळतो, विजयला मिळत नाही. कमल आत जाते, कमला बाहेर उभी राहते. पवन, मदन आणि गगन यांनी या व्यवस्थेबद्दल आजवर तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

हाच न्याय गावांनाही लागू होतो. शीर्षकावरून पानाचा सुटसुटीत पत्ता तयार करणारे स्लगिफाय नावाचे एक साधन जँगोमध्ये आहे. टेम्प्लेटमध्ये ते वापरले तर रोमन नसलेले सारेच झटकले जाते आणि 'वाशी'चे काहीच उरत नाही. व्ह्यूमध्ये इतर लिप्यांना परवानगी देऊन वापरले तर अक्षरे राहतात पण त्यांचे अलंकार उतरवले जातात, आणि 'वाशी'चे 'वश', 'नेरूळ'चे 'नरळ', 'बेलापूर'चे 'बलपर' व 'कळंबोली'चे 'कळबल' होते. उरण तेवढे जसेच्या तसे राहते. उलट रकान्याची कमाल लांबी मोजताना हीच चिन्हे आवर्जून मोजली जातात, आणि 'श्रीकृष्ण' या डोळ्यांना तीन अक्षरी दिसणाऱ्या नावाची लांबी नऊ भरते. लांबीसाठी वेलांटी मोजायची आणि ओळखीसाठी तिला मोजायचे नाही, हे धोरण कारकुनी परंपरेला साजेसेच म्हणावे लागेल.

राहिलेले प्रश्न किरकोळ आहेत. पान ताजे केले की अर्ज दुसऱ्यांदा का जातो, तर अर्ज स्वीकारल्यावर दुसऱ्या पानाकडे वळवण्याचे राहिलेले असते. छायाचित्र जोडले तरी का पोहोचत नाही, तर फॉर्मच्या टॅगमध्ये फाईल पाठवण्याचा प्रकार लिहायचा राहिलेला असतो. दोहोंची उत्तरे एकेका ओळीची आहेत आणि ती प्रत्येकाला दुसऱ्याने सांगितल्यावरच कळतात.

तेव्हा ऐरोली, महापे आणि वाशी येथे बसून या शहरासाठी फॉर्म लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती की, नोडचा रकाना सक्तीचा करावा, सेक्टर आकड्यात नव्हे तर मजकुरात घ्यावा, पूर्ण नावासाठी एकच लांब रकाना ठेवावा, आणि प्रवेशनामाची तपासणी बदलून वेलांटीला अक्षराचा मान द्यावा; हे बदल करायला फार वेळ लागत नाही आणि जँगोने त्यांपैकी कशालाही मनाई केलेली नाही.