मानेतला बाक

केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य वेचलेल्या मनुष्याला मान किती ताठ ठेवावी आणि किती लवू द्यावी याचे शिक्षण कोणत्याही प्रबोधिनीत न जाता आपोआप मिळत असते. परंतु लाकडाच्या मानेलाही तोच कायदा लागू आहे, हे मला माझ्या भाच्याच्या वाद्याने शिकवले. तेव्हा आम्ही सरोजिनी नगरातल्या, म्हणजे पूर्वीच्या विनय नगरातल्या, जुन्या बसक्या क्वार्टरात राहत होतो. ती क्वार्टरे पाडून तेथे बहुमजली मनोरे उभारण्याचे फर्मान पुढे निघाले. दिल्लीत शिकायला आलेला हा भाचा एके दिवशी शवपेटीच्या आकाराचा खोका घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, अकूस्टिक बेस आहे."

या वाद्याला गिटारचे रूप, तारा मात्र चारच, आणि मान इतकी लांब की तारेची मोकळी लांबी चौतीस इंच भरते. सर्वांत जाड तार सेकंदाला अवघी एक्केचाळीस आंदोलने घेते. एवढा खोल स्वर लाकडी पोटातून बाहेर काढायचा तर ते पोट उभ्याने वाजवायच्या डबल बेसएवढे हवे. मांडीवर मावणाऱ्या पोटातून तो केवळ पुटपुटतो. अमेरिकेत अर्नी बॉल यांनी १९७२ च्या सुमारास मेक्सिकोच्या गितारोनवरून स्फूर्ती घेऊन 'अर्थवुड' नावाचा बेस काढला, त्याचा घेर पाहून वादकाची कीव यावी. पण तोही ढोलकीपुढे टिकला असता असे मला वाटत नाही. आमच्या घरी तर समोरच्या बाजारातले फेरीवाले "सौ रुपया, सौ रुपया" असा उद्घोष करीत असताना भाचा काय वाजवतो हे फक्त भिंतीलाच कळत असे.

मे महिन्यात लू सुरू झाली आणि हे मितभाषी वाद्य अकस्मात बोलू लागले. प्रत्येक स्वरामागे एक झणझणीत कंप येई. भाच्याच्या चेहऱ्यावर सुतक उतरले, पण स्वयंपाकघरातून त्याची मामी पदर खोचूनच बाहेर आली आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाली, "आज जवारी काय सुरेख लागली आहे रे!"

तिचा दोष नव्हता. तिच्या माहेरचा तंबोरा मिरजेचा होता. पूर्वी शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात जेथे सतारी-तंबोरे घडवण्याची परंपरा सुरू केली आणि २०२४ मध्ये जेथल्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मिरजेचा. तेथे घोडीचा माथा कानसेने घासून तारेखाली सुती दोरा सरकवतात, तो केवळ तार अशी झणझणावी म्हणून. कारागिराची अवघी हयात जो कंप निर्माण करण्यात जाते, तोच नाहीसा करण्यासाठी भाचा रडकुंडीला आला होता. एकाच छताखाली दोन संगीतशास्त्रे नांदत होती आणि मी, दोन शाखांच्या परस्परविरोधी टिपण्या एकाच नस्तीत आल्यावर करतो तेच केले: पुढील कार्यवाहीसाठी प्रकरण तज्ज्ञाकडे पाठवले.

तज्ज्ञ म्हणून पुरानी दिल्लीतले एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी वाद्य बंदुकीसारखे डोळ्याशी धरले, मानेवरून नजर फिरवली आणि निर्णय दिला: "बाबूजी, गर्दन अकड़ गई है. ज़रा ढील देनी पड़ेगी."

मग उलगडा झाला. चार तारांचा एकत्रित ताण पाऊणशे किलोच्या घरात असतो. तो मान पुढे वाकवू पाहतो, म्हणून मानेच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते, ती उलट दिशेला तोलून धरते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांच्या अशा सळईसाठी १९२१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला आणि १९२३ मध्ये मंजुरी आली. ही तत्परता वाचून माझ्यातल्या सेक्शन ऑफिसरला असूया वाटली. लूने लाकडातला ओलावा शोषला, मान मागे गेली, तारा पडद्यांना टेकू लागल्या. पावसाळ्यात हेच उलटे होते: लाकूड फुगते, मान पुढे झुकते, तारा इतक्या उंच जातात की बोटांना फोड येतात. त्यातून आमचा वाळ्याचा कूलर त्याच खोलीत रोज श्रावण निर्माण करीत असल्याने त्या बिचाऱ्या मानेला दोन ऋतूंची ताबेदारी एकाच वेळी करावी लागे.

मिस्त्रींची कार्यपद्धती मला फार भावली. आधी तारा सुरात लावायच्या, कारण ताणाविना मानेची परीक्षा व्यर्थ. मग षट्कोनी चावीने सळई पाव फेरा फिरवायची, आणि थांबायचे. लाकडाला विचार करायला रात्रभर अवधी द्यायचा. घोडीवरच्या हाडाला मात्र सर्वांत शेवटी हात लावायचा, कारण बाराव्या पडद्यावर तार एक मिलिमीटर उतरवायची तर हाड दोन मिलिमीटर झिजवावे लागते, आणि झिजलेले हाड वाढत नाही.

मान अगदी सरळही नको, असे त्यांचे म्हणणे. पहिला पडदा आणि धडाजवळचा पडदा दाबून धरला असता मध्यावर, सातव्या पडद्याच्या आसपास, तारेखाली सुमारे ०.३ मिलिमीटरची फट हवी. कंप पावणाऱ्या तारेला मधोमधच अधिक जागा लागते. एवढे मोजायला आमच्याकडे काय असणार? तेव्हा शेजारचे सेवानिवृत्त सहसचिव, जे चावी फिरवण्याच्या कार्यक्रमाला पंच म्हणून आपण होऊन उपस्थित होते, त्यांनी खिशातून स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड काढले. जाडी नेमकी जमली. कार्ड तारेखालून अलगद सरकले, कंप थांबला. मामी तेवढी हिरमुसली. सहसचिवांनी मात्र आपल्या पदनामाची सातव्या पडद्यावर झालेली ही नेमणूक एवढ्या गांभीर्याने घेतली की, पुढे दर रविवारी ते तपासणीला येऊ लागले.

पुढे भाच्याला मुंबईत नोकरी लागली. आषाढात त्याचा फोन आला: मान झुकली आहे, चावी आहे, पण दमट हवेने कार्ड फुगून निरुपयोगी झाले आहे, तर साहेबांकडून आणखी एक मिळेल का? मी भीतभीतच विनंती पोचवली. सहसचिव आत गेले आणि निवृत्तीच्या आदल्या महिन्यात छापून घेतलेला, वरचे एकच कार्ड कमी असलेला, आख्खा डबा घेऊन बाहेर आले.