तणावग्रस्त दुधी

निवृत्त विज्ञान शिक्षक हा तसा निरुपद्रवी प्राणी. फक्त त्याला गच्ची आणि इंटरनेट या दोन गोष्टी एकदम देऊ नयेत. मला सावेडीतल्या नव्या घरात दोन्ही एकाच महिन्यात मिळाल्या.

उभी हयात मी पोरांना कर्बोदकं, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं शिकवण्यात घालवली. आता कळलं की खरी गंमत त्यापलीकडे आहे. हळदीत कर्क्युमिन, कांद्यात क्वेर्सेटिन, डाळिंबात प्युनिकॅलॅजिन. पूर्वी आमच्याकडे जेवणाआधी श्लोक व्हायचा, आता ताटावर या मंडळींची हजेरी होऊ लागली. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं होतं की कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन पोटात गेलं तर रक्तात उतरणारं कर्क्युमिन वीसपटीने वाढतं. मग मी पिठल्यात मिरं, वरणात मिरं, एकदा तर शिऱ्यातही मिरं घातलं. त्या दिवशी आमच्या हिने शिऱ्याचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः दहीभात कालवून घेतला.

भाकरीही मी सोडली नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काढलेलं, 2012 साली महाराष्ट्रात आलेलं ‘धनशक्ती’ हे बाजरीचं लोहयुक्त वाण मी मुद्दाम मिळवलं. भाकरीबरोबर कपभर कोरा ग्रीन टी. चहातली पॉलिफेनॉल्स धान्यातलं लोह अडवून धरतात, हे मला बऱ्याच उशिरा वाचायला मिळालं. म्हणजे भाकरी जे देत होती ते चहा दारातच अडवत होता आणि दोघांचं बिल मी भरत होतो. मौलाना आझाद 1942 साली आमच्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना बिनदुधाचा चिनी चहा प्यायचे आणि त्याच्या चवीवर पत्रांत पानंच्या पानं लिहायचे. त्यांना तो आवडायचा म्हणून ते पीत. मी मात्र डोळे मिटून प्यायचो.

पण खरा घात केला तो एका वाक्याने: ‘ताणाखाली वाढलेल्या वनस्पतींत ही रसायनं जास्त असतात.’ वाक्य खोटं नाही. झाडाला पाय नसतात. अळी आली, ऊन तापलं, पाणी तुटलं तरी त्याला पळून जाता येत नाही, म्हणून ते आपल्या अंगात रसायनं तयार करतं. आपण ज्यांना आरोग्यदायी म्हणून डोक्यावर घेतो, त्यांतली कितीतरी मुळात खाणाऱ्याला पिटाळण्यासाठी असतात. एवढं वाचून एखादा सावध झाला असता. मी हिशोब मांडला: झाडाला जेवढा जाच, तेवढी रसायनं, जेवढी रसायनं, तेवढा मी ठणठणीत. आणि गच्चीवरच्या दुधीच्या वेलाचं पाणी तोडलं.

नगरचा मे महिना, तापलेली गच्ची आणि दिवसाआड तांब्याभर पाणी. पारनेर-पाथर्डीकडे लोक टँकरची वाट बघत असताना मी घरच्या घरी ऐच्छिक दुष्काळ पाडला होता. वेल सुकला, पिवळा पडला, तरी त्याने आखूड, टणक दुधी धरले. मला त्यांच्यात तप दिसत होतं.

एका सकाळी मी त्यातला एक किसला आणि त्यात बीट, आलं, लिंबू घालून मिक्सर लावला.

“दुधी चाखून घेतलात का?” हिने आतून विचारलं.

“चाखायचा कशाला? अख्खाच पिणार आहे.”

पहिला घोट जहर कडू लागला. पण गुढीपाडव्याला हसतमुखाने कडुलिंब चावणाऱ्या समाजात कडू चवीवर कुणी संशय घेत नाही. मला तर तो प्रयोग यशस्वी झाल्याचा पुरावा वाटला. ग्लास मी तळापर्यंत संपवला.

पुढचा अर्धा तास सभ्य मासिकात छापण्याजोगा नाही. रिक्षातून दवाखान्यात पोचेपर्यंत माझं तपमान, रक्तदाब आणि तत्त्वज्ञान एकदम खाली आलं होतं. तिथे झालेली उलटी लालभडक निघाली आणि नर्स ओरडली. ड्यूटीवरचा डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला, हा शिक्षकी पेशाचा शाप.

“अरे, ते रक्त नाही, बीट आहे,” ही सांगत होती.

“असेलही, काकू. पण कडू दुधीने खरोखर रक्ताची उलटी होते. सरांनी नेमकं बीट घालून ठेवल्यामुळे कशाने काय झालं ते आता कळायला मार्ग नाही.” मग सलाइनची सुई टोचत तो मला म्हणाला, “सर, नववीत तुम्हीच शिकवलं होतं ना, प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा?”

संध्याकाळी लघवीही गुलाबी झाली आणि पुन्हा धावपळ उडाली. बीटचा रंग काही माणसांत तसाच बाहेर पडतो. त्या निवडक लोकांत मी बसतो, ही एकच शास्त्रीय माहिती दिवसभरात हाती आली.

दोष दुधीतल्या क्युकरबिटासिन नावाच्या रसायनाचा. ऊन आणि पाण्याची ओढ बसली की काही वेलांत ते वाढतं. त्यावर उतारा नाही; सलाइन लावून वाट बघायची. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला होता. त्यानंतर आयसीएमआरने समिती नेमली आणि तिने सांगितलं की रस कडू लागला तर पिऊ नये, आणि दुसऱ्या रसात तर मुळीच मिसळू नये. आमच्या हिच्या आईनेही भाजी चिरताना देठाकडची चकती जिभेला लावायला शिकवलं होतं. त्यासाठी समिती बसली नव्हती, म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही.

डोळा लागतो न लागतो तोच मी दचकून उठलो. सकाळच्या फिरण्याच्या मंडळात आठवडाभर मी ‘बिनखताचा, तणावग्रस्त दुधी’ म्हणून याच वेलाचे दुधी वाटत होतो! हाताला सुई, तरी एकेकाला फोन लावले. सगळे धडधाकट. सगळ्यांच्या घरी बायकांनी चिरता चिरता जिभेला लावून दुधी कचऱ्यात टाकला होता.

“अहो, मग मला सांगायचं नाही का? भेटल्यावर तर म्हणालात, सर, काय गोड दुधी आहे!”

“तुम्ही एवढ्या प्रेमाने दिलेला. तोंडावर कसं बोलायचं?”

त्यांतल्या एकाने तर भिडेपोटी आणखी एक मागून नेला होता. तो देण्यासाठी मी स्वतः घरात ठेवलेला त्यातल्या त्यात चांगला, मोठा दुधी उचलून दिला होता आणि माझ्या वाट्याला हा आला होता.