कृपया आहेर आणू नये

प्रति,
पांढऱ्या गाडीचे मालक
(किंवा मालकीणबाई, किंवा नुकतंच लायसन्स मिळालेला त्यांचा भाचा),
मुक्काम : बहुधा पुणे.

विषय : माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दारास दिलेल्या आहेराबाबत.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं ठळक छापलं होतं. तरी तुम्हाला राहवलं नाही. यजमान घेत नाहीत म्हटल्यावर तुम्ही तो माझ्या गाडीला दिलात. मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या खाली, वीतभर लांब आणि मधोमध बोट बुडेल इतका खोल. पाकिटावर नाव नव्हतं. दात्याचं नाव कोनशिलेवर कोरून घेण्याच्या या काळात इतकं निरपेक्ष दान बघायला मिळत नाही, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

आधी तुमची ओळख पटवायचा प्रयत्न करतो. तुमची गाडी पांढरी आहे, कारण आहेरासोबत थोडा रंगही ठेवून गेलात. भारतात सगळ्यात जास्त गाड्या याच रंगाच्या खपतात, तेव्हा एवढ्यावरून तुम्हाला ओळखणं म्हणजे पांढऱ्या सदऱ्यावरून नवऱ्याचा मामा शोधण्यासारखं आहे. घाव चांगला उंचावर बसलाय, म्हणजे गाडी धिप्पाड. आणि तुम्ही ती मागे घेत होता. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मागे घेताना वाजणारा सेन्सर सक्तीचा आहे. तुमची गाडी त्यानंतरची असेल, तर ती बिचारी आधी थांबून थांबून, मग भराभर आणि शेवटी अखंड ओरडली असेल. तुम्हाला वाटलं असेल, सनई सुरू झाली.

तुमची बाजूही समजून घेतो. मुहूर्ताचा दिवस, मंगल कार्यालयाचं मैदान, त्यावर फक्कीने आखलेल्या रेषा. शहराच्या बांधकाम नियमांत एका मोटारीला साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरतात. तुमच्यासारखी गाडी १.८ मीटरच्या आसपास रुंद असते. अशा दोन गाड्या अगदी मधोमध लावल्या, तरी त्यांच्यामध्ये ७० सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडायचं, पोट आत घ्यायचं आणि पैठणी सांभाळत बाहेर यायचं. कार्यालयवाल्यांनी मात्र आधी गाड्या किती बसवायच्या ते ठरवलं आणि मग फक्की मारली. त्यात माझ्या डाव्या हाताला गुलमोहराचा बुंधा. आमच्या दोघांमधली जागा रिकामी होती याचं कारण तुमच्याआधी आलेल्या प्रत्येकाला तो बुंधा दिसला होता.

शिट्टीवाल्या काकांनी जबानी दिली ती अशी : ‘‘एक गाडी घुसवायला बघत होती तिथं, मग पुढं गेली.’’ नंबर विचारला तर म्हणाले, ‘‘साहेब, आज किती गाड्या आल्यात बघा की.’’ आणि थोडं थांबून, ‘‘तुमची गाडी तर अशीच आली होती.’’

काकांच्या डोक्यावरच पाटी होती, ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’. अशा पाट्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये थोडा धक्का दिला आहे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या दारातून १९९८ साली पाहुण्याची मारुती चोरीला गेली होती. किल्ली हॉटेलच्या माणसाने ताब्यात घेतली असेल, तर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं पावतीवर छापून हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालयाने सुनावलं. पण इथे किल्ली माझ्या खिशात होती, त्यामुळे पाटी जिंकली. राहता राहिला कॅमेरा. तो आहेर स्वीकारण्याच्या टेबलावर रोखलेला होता, जिथे त्या दिवशी कुणीच काही देत नव्हतं.

आता मला सगळ्यात भावलेला तुमचा गुण. तुम्ही पळून गेला नाहीत. जाणं शक्यच नव्हतं म्हणा. तुम्ही पुढच्या रांगेत गाडी लावल्यावर काकांनी मागे दुसरी रांग लावून घेतली, ‘‘हँडब्रेक नको, न्यूट्रलला ठेवा’’ म्हणत. जेवणं उरकेपर्यंत त्या मैदानातून सायकलसुद्धा निघाली नसती. म्हणजे तुम्ही ठोकलंत, गाडी लावलीत, आरशात केस सारखे केलेत आणि वर येऊन अक्षता टाकल्यात. ‘सावधान’चा गजर तुम्ही माझ्याबरोबरच ऐकलात. मग पंगतीला बसलात. कोण जाणे, मठ्ठ्याचा जग माझ्याकडे तुम्हीच सरकवला असेल.

त्या पंगतीआधी, मंगलाष्टकं सुरू असताना, पिशवी आणायला डिकीपाशी गेलो तेव्हा मला तुमचा आहेर दिसला. मी चिठ्ठी लिहून माइकवाल्याकडे दिली. त्याने दोन मंगलाष्टकांच्या मधल्या श्वासात पुकारा केला, ‘‘पांढऱ्या मोठ्या गाडीच्या मालकांनी खाली यावं.’’ अर्ध्या सभागृहातल्या खुर्च्या वाजल्या. खाली आलेल्या सगळ्यांनी आपापले बंपर दाखवले. एकाही बंपरवर नुसता पांढरा रंग नव्हता. लाल, निळा, करडा, एकावर तर रिक्षाचा पिवळा. माझ्या गाडीच्या चंदेरी छटेचे ओरखडे तिघांकडे निघाले आणि तिघांनीही ते जुने असल्याची शपथ घेतली.

त्यानंतर जे झालं, ते तुम्हाला मुद्दाम कळवायला हवं. (की तुम्हीही त्या घोळक्यात होता?) प्रत्येकाने मला स्वतःची कहाणी सांगितली. एकाचा आरसा सोसायटीत कुणीतरी मोडला होता. एकाच्या नव्या गाडीवर नंबरप्लेट बसायच्या आत मॉलच्या तळघरात ओरखडा पडला होता. एका काकांना तर दवाखान्याच्या दारात कुणीतरी ठोकून गेलं होतं आणि ते सांगताना त्यांचा आवाज अजून चढत होता. सगळ्यांनी मिळून त्या अज्ञात माणसाला यथेच्छ शिव्या घातल्या. तिथे पोचे सोसलेले सगळे होते, पाडणारा एकही नव्हता. या शहरातले पोचे आपोआप उमलत असावेत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोच्यासाठी एवढं मोठं पत्र? तर त्या एवढ्याशाचा हिशेब ऐका. आमच्या गॅरेजवाल्याने दारावरून हात फिरवला आणि डॉक्टरसारखा गप्प झाला. मग म्हणाला, पत्रा ओढून काढायचा, त्यावर लांबी, घासकाम, प्रायमर, रंग, लॅकर. शिवाय रंग चंदेरी. तो नुसत्या दारावर मारला तर शेजारच्या पॅनेलशी जुळत नाही. उन्हात दार वेगळं दिसतं. म्हणून फवारा शेजारपर्यंत उतरवत न्यायचा. एकूण सहा हजार.

‘विमा आहे ना!’ असं तुम्ही गाडी मागे घेतानाच मनात म्हणाला असाल. आहे. दावा केला की सक्तीची वजावट म्हणून हजार रुपये माझ्या खिशातून जातात, वर रंगाच्या सामानावर घसारा कापतात. आणि नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. मी वरच्या पायरीवर उभा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा हप्ता आठ हजार धरा आणि तो तेवढाच राहील असंही धरा. एक दावा केला की पुढच्या वर्षी सूट नाही, म्हणजे चार हजार जास्त. त्यापुढच्या वर्षांत अनुक्रमे २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० जास्त. बेरीज दहा हजार. म्हणजे सहा हजारांच्या पोच्यासाठी चार-साडेचार हजार मिळवायचे आणि दहा हजार गमवायचे. हा व्यवहार तुमच्याइतका उदार माणूसच करू शकेल.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४. अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि तिथे पोलीस नसेल, तर चालकाने २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवायचं असतं. त्याच कायद्याने सक्तीचा केलेला तुमचा थर्ड पार्टी विमा नेमका अशाच नुकसानीसाठी असतो. खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत तरतूद असते. साडेसात लाखांचं पाठबळ असलेला माणूस सहा हजारांना घाबरला! अर्थात ते पैसे मिळवायला मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागेल. तिथे ज्यांच्या घरचं माणूस गेलंय अशी कुटुंबं बसलेली असतात. त्यांच्या रांगेत मी दाराचा फोटो घेऊन उभा राहणार नाही.

बघा, किती नेमकी जागा निवडलीत तुम्ही. पोलिसांना हा पोचा फार लहान, विम्याला परवडत नाही, न्यायाधिकरणात लाज वाटते, पाटी आधीच हात झटकून बसलीय आणि कॅमेरा दुसरीकडे बघतोय. सगळ्या यंत्रणांच्या फटीतून बरोबर निसटेल एवढ्याच मापाचं नुकसान करायचं, ही साधी कला नाही. आणि ती तुमच्या एकट्याची नाही. गल्लीच्या तोंडाशी चारही इंडिकेटर लावून ‘दोनच मिनिटं’ म्हणत भाजी निवडणारे तुमचेच भाऊबंद. खालच्यांचे कपडे वाळत असताना गॅलरी धुणारे, पहिल्या रांगेतल्या आठ खुर्च्यांवर एक रुमाल आणि सात पर्स ठेवून गायब होणारे, हेही तुमच्याच घराण्यातले. यातल्या एकाही गोष्टीवर खटला उभा राहत नाही. नुकसान कुणाचंच फार नसतं. रोज, थोडं थोडं, दुसऱ्याचं असतं. जिथे दंड पोचत नाही तिथे माणसाने आपण होऊन वागायचं, अशी जुनी व्यवस्था होती. तुम्ही तिलाही रिव्हर्समध्ये घेतलंत.

माझी मागणी अगदी छोटी आहे. वायपरखाली एक चिठ्ठी. कागद नसेल तर लग्नपत्रिकेचं पाकीट चालेल. मजकूर सुचत नसेल, तर सोयीसाठी नमुने देतो.

नमुना पहिला, सरळ माणसांसाठी : ‘चूक माझी. हा माझा नंबर. खर्च कळवा.’

नमुना दुसरा, काटकसरी माणसांसाठी : ‘अर्धे देतो. गुलमोहर मध्ये आला.’

नमुना तिसरा, खास पुण्यासाठी : ‘आपली गाडी रेषेपासून चार बोटं डावीकडे होती, याची नोंद घ्यावी. तरीही दिलगीर आहे. फोन दुपारी एक ते चार करू नये.’

तिसरी चिठ्ठी मिळाली असती तरी मी निम्मे पैसे सोडून दिले असते. खरं सांगायचं, तर पहिली मिळाली असती तर बहुधा सगळेच सोडले असते आणि ती चिठ्ठी वर्षभर लोकांना दाखवत फिरलो असतो.

दार मी स्वखर्चाने करून घेतलं आहे. गॅरेजवाल्याने सराईत हाताने काम केलं, पण संध्याकाळच्या तिरक्या उन्हात छटेतला फरक अजून कळतो. माझ्या पुढच्या पुकाऱ्यात तुमचं वर्णन ‘पांढऱ्या गाडीचे मालक’ एवढंच राहील. तोवर तुम्हाला चारचौघांत सभ्य गृहस्थ म्हणून मिरवायला कुणाचीच हरकत नाही.

कळावे, लोभ असावा. गाडीपासून मात्र अंतर असावे.

आपला नम्र,
गुलमोहराच्या उजवीकडचा

ता. क. : त्याच घरात तुळशीच्या लग्नानंतर धाकट्याचा बार उडायचा आहे. आमंत्रण तुम्हालाही असेलच. मी रिक्षाने येणार आहे. तुम्ही खुशाल गाडी आणा, पण खिशात एक पेन असू द्या.