छापील आहे, छापील म्हणा

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका प्रदर्शनात विक्रेत्या पोरानं दोनशे रुपयांचा ब्लाऊजपीस पुढे केला. "घ्या ताई, ओरिजिनल अजरख!" मी तुकडा उलटला. मागची बाजू पांढुरकी, आणि नक्षी अशी एकसारखी की दोन ठशांमधला सांधा शोधूनही सापडेना. ते गिरणीचं छापील कापड होतं.

छापील कापडाशी माझं भांडण नाही. स्वस्त आहे, टिकतं, कुणीही खुशाल वापरावं. पण त्याला अजरख म्हणायचं नाही.

अजरख म्हणजे कच्छ-सिंधकडचं, हातानं ठसे मारून रंगवलेलं कापड. भुजजवळच्या अजरखपूरला ते कसं होतं बघा. धुतलेलं कापड हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवतात. पांढरं राखायचं तिथे चुना आणि डिंकाचा ठसा मारतात. काळ्यासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवतात, ते पाणी चिंचोक्याच्या पिठानं दाट करतात. लाल हवं तिथे तुरटी. मग निळीत बुडवणं, धुणं, आणि मंजिष्ठेत उकळणं. तुरटीच्या जागी लाल उमटतो तो तेव्हा. अस्सल दुहेरी कामात तीच नक्षी मागूनही छापतात, ठशावर ठसा बसवून. हात केसभर हलला की चूक कायमची.

या कामाचा जीव पाण्यात. २००१च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडू लागले. तेव्हा तिथल्या अजरख करणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी चांगलं पाणी शोधून नवं गाव वसवलं. त्या गावाला नाव दिलं आपल्या कापडाचं.

असं नाव कुणीही उचलून गिरणीच्या ताग्यावर चिकटवावं, ही उघड चोरी आहे. २०२४मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो कागद प्रदर्शनातल्या टेबलापर्यंत पोचत नाही. तिथे गिऱ्हाइकानंच विचारायला हवं: कुठे छापलं? हातानं की यंत्रावर? रंग कसले?

मी त्या पोराला म्हटलं, "छापील म्हणून दे, आत्ता घेते."

तो म्हणाला, "ताई, छापील म्हटल्यावर दोनशे कोण देणार?"

म्हणजे वरचे पैसे नावाचे होते. ते नाव ज्यांनी कमावलं, त्यांच्या हातात त्यातला एक रुपयाही पडत नाही. मी तुकडा घडी घालून परत ठेवला.