दोन खिडक्यांचा कमांडर

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या मराठी घरांत आढळणारा कमांडर सैन्यातला नसतो. पुण्याच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतून तो सहा महिन्यांसाठी ‘ऑनसाइट’ आलेला असतो. आता घराचे हप्ते इथेच फेडतो. त्याचे शस्त्र टोटल कमांडर, म्हणजे फाइली हाताळण्याचा प्रोग्रॅम. ख्रिश्चन गिस्लर या स्विस प्रोग्रॅमरने १९९३ मध्ये आणलेल्या या प्रोग्रॅममध्ये डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. ही मांडणी मूळची १९८६ च्या नॉर्टन कमांडरची.

एफ थ्री दाबून फाइल पाहावी, एफ फाइव्हने नक्कल, एफ सिक्सने हलवावी, एफ एटने पुसावी, हे बाळबोध ज्ञान. अस्सल कमांडरला आतल्या शेकडो अंगभूत आज्ञांची यादी ठाऊक असते. त्यातल्या नेमक्या आज्ञांना तो स्वतःची बटणे आणि किल्ल्या जोडतो. यात शनिवार जातो. वाचणारा वेळ रोज काही सेकंदांचा असतो, पण हा हिशेब त्याच्यासमोर मांडू नये. माऊस त्याच्या लेखी पाहुण्यांसाठी. परवान्याचे पैसे भरले नाहीत, तर उघडताना प्रोग्रॅम एक, दोन किंवा तीन यांपैकी सांगेल ते बटण दाबायला लावतो. कमांडर ते निमूटपणे दाबतो आणि खरेदी पाडव्यावर ढकलतो. कोणत्या पाडव्यावर, ते सांगत नाही.

गणेशोत्सव संपला की त्याचे खरे काम सुरू होते. वीस जणांच्या फोनमधले फोटो गोळा होतात. कंट्रोल एम दाबून तो सगळ्यांची नावे एका झटक्यात बदलतो: वर्ष, महिना, तारीख, क्रमांक. मग बायको विचारते, “अहो, माझा हिरव्या नऊवारीतला कुठंय?” नऊवारीसाठी आज्ञा नाही.

क्लाउडवर त्याचा विश्वास नाही. युरोपातल्या मोठ्या डेटा सेंटर-समूहांपैकी एक इथल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये आहे. त्या इमारतींवरून तो रोज बसने जातो आणि घरी येऊन दोन हार्ड डिस्क समोरासमोर ठेवून ताडून पाहतो. डावीकडची फाइल नवी की उजवीकडची, हे बाण दाखवतात. तिसरी डिस्क पुण्याला वडिलांच्या कपाटात असते. तीही दर भेटीत जुळवली जाते, आईशी गप्पा त्यानंतर.

नव्याने आलेली पोरे फाइल कुठे ठेवली हे लक्षात ठेवत नाहीत. शोधतात, नाहीतर पुन्हा मागवतात. कमांडर यावर बोलू लागला की ती चहा आणायला उठतात. मात्र कुणाचा लॅपटॉप बसला, की फोन येतो, “काका, जरा येता का?” काका पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघतात. त्यावर कमांडरची न बसवता चालणारी प्रत असते.