दिव्याखालचा उकाडा

मीना अब्दुल्लात नोकरी करून वीज जाण्याची धास्ती घेणं म्हणजे साखर कारखान्याच्या आवारात राहून चहाला साखर पुरेल का, या काळजीने झोप उडवून घेणं. कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठी वसलेल्या या गावाची ओळखच मुळी तेलाची. अमेरिकन इंडिपेंडंट ऑइल कंपनीने १९५८ साली इथे तेलशुद्धीकरण कारखाना उभारला, १९७७ साली सरकारने तो ताब्यात घेतला आणि अलीकडच्या विस्तारानंतर त्याची क्षमता रोज ४ लाख ५४ हजार बॅरलवर गेली. उत्तरेला शुऐबा, दक्षिणेला अझ-झौर. दोन्हीकडे वीजकेंद्रं.

तरी व्हायचं ते झालंच. १९ जून २०२४ रोजी वीज मंत्रालयाने जाहीर केलं की, ऐन मागणीच्या वेळी काही भागांत आलटूनपालटून दोन तासांपर्यंत वीज बंद राहील. त्या उन्हाळ्यासाठी कुवेतने ओमान आणि कतारकडून मिळून ५०० मेगावॉट वीज आधीच विकत घेतली होती, तीही पुरली नाही. पुढच्या वर्षी तर एप्रिलमध्येच, वीजकेंद्रांची दुरुस्ती चालू असताना, औद्योगिक आणि शेतीच्या भागांत तोच प्रकार. बिघाड म्हणाल तर तसा मोठा नाही. पारा पन्नाशीला टेकला की अख्खा देश एसी लावतो आणि मंत्रालयाचा मागणी दाखवणारा काटा हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून तांबड्यात सरकतो.

या बातमीने मीना अब्दुल्लात कामाला जाणाऱ्या आणि मंगाफ-फहाहीलकडे बिऱ्हाड केलेल्या मराठी गृहस्थाला मनातून थोडा आनंदच झाला, हे कबूल करायला हवं. परदेशात येऊन इतकी वर्षं झाली, पण आपण ज्यात मुरलेलो आहोत असं एकही संकट इथे येत नव्हतं. आता आलं. भारनियमनाच्या काळात वाढलेला माणूस हा. कंदिलाची काच राखेने कशी पुसायची, लाइट जायच्या आत मिक्सर आणि पाण्याची मोटर कशी उरकायची, हे त्याला कुणी शिकवायला नको. त्याने तडक दोन टॉर्च, मेणबत्त्यांचं पुडकं आणि काड्यापेट्या आणल्या.

"दुपारी अकरा ते पाचमध्ये लाइट जाणार आहे," वहिनी म्हणाल्या. "टॉर्च कुणाच्या तोंडावर मारायचा?"

इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे लाइट जाते म्हणजे अंधार होतो. कुवेतमध्ये लाइट जाते तेव्हा बाहेर डोळे दिपवणारा उजेड असतो आणि घराची भट्टी होत असते. याच देशात मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. जून ते ऑगस्ट दुपारी अकरा ते चार उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. मेणबत्त्यांनी आपलं मत लगेच दिलं. काचबंद गॅलरीत ठेवलेलं पुडकं चार दिवसांनी उघडलं, तर सगळ्या एकाच दिशेला माना टाकून पडलेल्या, न पेटवताच.

मग इन्व्हर्टरचा विचार निघाला. मराठी माणसाची इन्व्हर्टरवर श्रद्धा मोठी. पण हिशेब सरळ आहे. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची नेहमीची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. दीड टनाचा एसी ताशी दीड हजाराच्या आसपास ओढणार. म्हणजे बॅटरी फार तर तासभर दम धरेल, आणि त्याआधी घरगुती इन्व्हर्टर तो एसी सुरू करतानाच हात टेकेल. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. गावाकडे पंखा, टीव्ही आणि एक ट्यूब चालवून घराला मोठेपण देणारी ही वस्तू इथे निव्वळ शोभेची.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. कुवेतला नदी नाही. नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढून येतं, तेही बहुतेक वीजकेंद्रांच्या जोडीने चालणाऱ्या प्रकल्पांतून. ते गच्चीवरच्या टाकीत चढवायला इमारतीचा पंप लागतो आणि पंपाला वीज. उन्हाळ्यात ती टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून जुनी बिऱ्हाडं मे महिन्यात गीझर बंद करतात. घरात, एसीच्या गारव्यात असलेल्या गीझरच्या टाकीतलं पाणी तेवढं सोसवण्याजोगं राहतं. मग गरम पाण्याचा नळ उघडून थंड अंघोळ करायची. नव्या पाहुण्याला हे समजावताना यजमानाची छाती फुगते.

फ्रीजचा नियम पाळायला सोपा आहे, दार उघडायचं नाही. बंद राहिला तर फ्रीज चारेक तास तग धरतो, ठासून भरलेला फ्रीझर दोन दिवससुद्धा. मराठी घरातला फ्रीझर ठासून भरलेलाच असतो. झुबैदी नावाने मिळणारं पापलेट, किसलेलं ओलं खोबरं, पुरणाचे गोळे, आणि कशाचा ते कुणालाच आठवत नाही असा एक डबा. अडचण एवढीच, की लाइट गेली रे गेली की घरातला प्रत्येक जण येऊन फ्रीज उघडतो आणि आतला दिवा बंद आहे याची खात्री करून घेतो. इन्शुलिन असेल तर मात्र थट्टा नको. बर्फाच्या पाकिटांची पिशवी आधीच तयार हवी.

कागदपत्रांचा लखोटा कायम हाताशी ठेवायचा, ही जुन्या मंडळींची शिकवण. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा घुसल्या, तेव्हा हजारो भारतीय वाळवंट तुडवत जॉर्डनला पोचले. अम्मानहून एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांनी लाखावर माणसं मायदेशी आणली. तेव्हापासून गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ न देणारे लोक अजून आहेत. आताच्या पिढीचं ओळखपत्र फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, सरकारी कामं 'सहेल' ॲपमध्ये. फोन मान टाकतो तेव्हा माणूसही कागदोपत्री मान टाकतो. बकाल्यातलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातलं, के-नेटचं कार्ड घासायचं यंत्र बंद पडलं, तर पाण्याच्या बाटलीसाठी खिशात रोख दिनार लागतात.

आमचे गृहस्थ कारखान्यात सुरक्षा विभागात आहेत. वायुगळतीचा भोंगा झाला तर वारा कुठून वाहतो ते बघून कुठल्या बाजूला पळायचं, हे झोपेतही सांगतील. घरचा टॉर्च मात्र त्यांना सापडत नाही. तरीही एका शुक्रवारी त्यांनी घरात सराव घेतला. तक्ता छापला, कामं वाटली, जमायची जागा खालचा बकाला. मुलगा सर्वांत आधी पोचला आणि आइस्क्रीम घेऊन उभा राहिला. वहिनी गॅस बंद करून आल्या. लिफ्ट वापरायची नाही असं ठरलं होतं, तर गृहस्थ स्वतःच सवयीने लिफ्टने उतरले. भेटीला आलेल्या आजी शेवटपर्यंत आल्याच नाहीत. वर जाऊन पाहिलं तर त्या बादल्या, पातेली, कळशी सगळं भरून, ओला पंचा डोक्यावर घेऊन शांतपणे लसूण सोलत बसलेल्या.

"अहो आई, दोन तास वीज जाणार असं धरून चाललोय आपण," जावई म्हणाले.

"दोनच तास जाते?" मराठवाड्यातल्या आजी म्हणाल्या. "आमच्याकडे दोन तास यायची."