खिशातलं सरपंचपद

सोडतीच्या दिवशी आमच्या भाऊंवर आभाळ कोसळलं. काचेच्या बरणीत हात घालून एका शाळकरी पोरीनं चिठ्ठी काढली : 'सर्वसाधारण महिला'. पाच वर्षं भाऊंनी गावातलं एक बारसं, एक मयत चुकवलं नव्हतं. सगळं पाण्यात! भाऊंनी पंधरा मिनिटं दुखवटा पाळला आणि सोळाव्या मिनिटाला फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "हिचा फोटो टाक. माझा जरा मोठा."

वहिनी निवडून आल्या. महाराष्ट्रात २०११ पासून गावगाड्यातल्या निम्म्या जागा बायकांच्या; त्या हिशेबानं निम्मे भाऊ बेकार व्हायला हवे होते. एकही झाला नाही. सरपंचाची डिजिटल सही असते एका डोंगलमध्ये. ते लावल्याशिवाय वित्त आयोगाचा रुपया हलत नाही आणि ते असतं भाऊंच्या शर्टाच्या खिशात. मी विचारलं, तर म्हणाले, "साडीला खिसा असतो का?" घटनेच्या ७३व्या दुरुस्तीत खिशाचा उल्लेख नाही, हे मला कबूल करावं लागलं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आमच्याकडे तीही होते, रजिस्टरात. रजिस्टर घरोघर फिरतं, बायका भाकरी उलथून सही करतात.

पण एकट्या भाऊंनाच का नावं ठेवा? दिल्लीतले खिसे जास्त खोल. महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत पहिल्यांदा आलं १९९६ साली. मंजूर झालं २०२३ मध्ये, ४५४ विरुद्ध २. एवढी एकी बघूनच मला शंका आली होती. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग एक तृतीयांश जागा, अशी अट निघाली. पंगतीचं आवतण आलं, गहू अजून पेरायचाय! मधल्या काळात २०२४च्या निवडणुका उरकल्या : लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका, आमच्या विधानसभेत २८८ पैकी २१. गोव्यानं १९७३ मध्येच शशिकलाताई काकोडकरांना मुख्यमंत्री केलं. महाराष्ट्राची चिठ्ठी बरणीतच राहिली. त्या पदाला सोडत नसते ना.

परवा मात्र घोटाळा झाला. धुण्याआधी खिसे चाचपायची बायकांची जुनी खोड. सकाळी ग्रामसेवक दारात, रस्त्याच्या बिलासाठी ठेकेदार जीपमध्ये, आणि भाऊ बनियनवर घरभर बोंबलत हिंडतायत, "अगं, माझी सही कुठंय?"

वहिनींनी शर्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला. डोंगल पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेलं होतं.

"आधी रस्ता बघून येते," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.